पूर ओसरल्यावर येणारा चोर
(अतिवृष्टीच्या दिवसांत मोबाईल व बँक खाते कसे जपावे)



२२ जुलै २०२३ चा दिवस आपल्या जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील लोक विसरणार नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याशी एका रात्रीत एवढा पाऊस कोसळला की नदीनाल्यांचे पाणी गावांत शिरले, रस्ते तुटले आणि उभ्या पिकासकट वावरे खरडून गेली. अशा संकटात पाणी ओसरले की पंचनामे सुरू होतात, मदतीची घोषणा होते आणि प्रत्येकाचे लक्ष मोबाईलकडे लागते. अनुदान कधी येणार? नेमकी हीच वेळ चोर साधतो. त्याला ना कुलूप तोडावे लागते, ना भिंत फोडावी लागते. घाबरलेला, घाईत असलेला माणूस फोनवर सापडला की त्याचे काम होते. दुबार पेरणीसाठी राखलेला पैसा असा गेला, तर तो हंगाम हातचा गेलाच समजा.

मदतीची वाट ओळखा

चोराला ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे खऱ्या मदतीची वाट माहीत असणे. तलाठी (आता यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येऊन पंचनामा करतात. अहवाल तहसीलदारांकडे जातो, तिथून वर जातो. मंजुरी आल्यावर शेतकऱ्यांच्या याद्या तयार होतात. यादीत आपल्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असेल आणि आधार पडताळणी करायला सांगितले असेल, तर ती आपले सरकार सेवा केंद्रावर जाऊन करायची. शेतकरी ओळख क्रमांक काढला असेल तर पडताळणी लागते की नाही, हे आपल्या तलाठ्यांनाच विचारावे. त्यानंतर पैसा आधारला जोडलेल्या बँक खात्यात आपोआप जमा होतो.

आता या वाटेवर बघा. फोनवरून ओटीपी सांगायचा टप्पा कुठे आहे का? एखादे ॲप टाकून घ्यायचा? आधी ‘प्रोसेसिंग फी’ भरायचा? कुठेही नाही. मग जो कोणी हे मागतो तो या वाटेवरचा माणूस नव्हे.

चोरांच्या चार युक्त्या

पहिली : व्हॉट्सॲपवर फाईल येते. नाव असते ‘अनुदान यादी’ किंवा ‘पीएम किसान’, आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ही यादी नसते, ते ॲप असते. ते एकदा फोनमध्ये बसले की आपले मेसेज, म्हणजे बँकेचे ओटीपीसुद्धा, परस्पर चोराकडे जाऊ शकतात. फाईल आपल्या भाच्याने किंवा गावच्या गटाने पाठवली म्हणून खरी ठरत नाही, कारण त्यांचाही फोन आधीच फसलेला असू शकतो. अशी फाईल उघडू नका, पुढे तर मुळीच पाठवू नका.

दुसरी : फोन येतो, “दादा, तालुक्यावरून बोलतो. तुमचे तेरा हजार अडकलेत. आलेला नंबर सांगा, आत्ता जमा करतो.” यावर उत्तर एकच : “मी उद्या तहसीलीतच येतो भाऊ, तठीच सांगजा.” खरा माणूस ‘या’ म्हणेल, चोर फोन ठेवेल. आणि हे पक्के लक्षात ठेवा : पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसा आपल्या खात्यातून गेला.

तिसरी : अंगठा. गावात येऊन कोणी ‘पूरग्रस्तांची नोंदणी’ म्हणून यंत्रावर अंगठा लावायला सांगितले तर लावू नका. आधारच्या अंगठ्यावर बँकेतून पैसेही निघतात. केंद्रावर अंगठा लावताना काम कोणते ते विचारा आणि पावती मागा. यंत्राने ‘झाले नाही’ म्हणून दोन-तीनदा अंगठा घेतला, तर त्याच दिवशी बँकेत पासबुक भरून घ्या. आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंदही करता येतात. माहितीसाठी क्रमांक १९४७. मात्र पडताळणीच्या वेळी ते कुलूप उघडावे लागते.

चौथी : दानाची. संकटात मदत करणाऱ्यालाही चोर सोडत नाही. मार्च २०२० मध्ये पंतप्रधानांच्या ‘पीएम केअर्स’ निधीच्या यूपीआय पत्त्यातील एक अक्षर गाळून तसाच दिसणारा खोटा पत्ता फिरवला गेला होता. म्हणून दान द्यायचे तर सरकारी कार्यालयातून किंवा बँकेतून खातरजमा करून द्या. मेसेजमधल्या पत्त्यावर देऊ नका.

अफवेचेही तसेच. ‘धरण फुटले’ असा जुना व्हिडिओ रात्री फिरला की अंधारात पळापळ होते आणि माणसे विनाकारण जखमी होतात. आधी १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा. पण पाणी डोळ्यांसमोर चढत असेल तर फोन करत बसू नका, उंचावर चला.

मृगापूर्वी एवढे करून ठेवा

आपण बियाण्याची उगवण तपासतो, तशीच ही तयारी.

१. खाते आधारला जोडलेले आहे का, आणि बँकेत आपलाच चालू मोबाईल नंबर आहे का, हे बँकेत जाऊन बघा.

२. सातबारा, आधार, पासबुक यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंच जागी ठेवा. त्यात पिन लिहिलेली चिठ्ठी मात्र ठेवू नका.

३. बँकेचा, तलाठ्यांचा व नातेवाईकांचा नंबर कागदावर लिहून ठेवा. पुरात मोबाईल गेला तर नंबरही त्याच्याबरोबर जातात.

४. फोनला कुलूप लावा. पावसाचा इशारा आला की पूर्ण चार्ज करा. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ आणि इतर संकटांच्या इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ ही ॲप आहेत. ती फोनमधल्या प्ले स्टोअरवरूनच घ्या.

५. सेलवर चालणारा रेडिओ घरात असू द्या. टॉवर बंद पडला तरी तो बोलतो.

फोन पुरात वाहून गेला तर आधी सिम बंद करवा आणि बँकेला कळवा.

फसलात तर लाजू नका

शिकलेली माणसेही फसतात. लाजेपायी दोन दिवस गप्प बसले तर मात्र पैसा हाताबाहेर जातो. लगेच फोनचे इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक लावा. बँकेलाही कळवा, खाते थांबवायला सांगा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच तक्रार पोचली, तर तो वाटेत अडवता येतो. म्हणून पहिला तास सोन्याचा. नंतर मेसेज व पासबुक घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. आलेले मेसेज पुसू नका, तोच पुरावा आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि ज्यांच्या हाती घरचा मोबाईल असतो त्या पोरासोरांना हे वाचून दाखवा. आणि वाचून झाल्यावर ही पत्रिका घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. संकटाच्या दिवशी ती तिथेच सापडेल.