स्वमग्न मुलांचे खेळ

खेळाच्या तासाला एखादे मूल मैदानाच्या कडेस एकटेच उभे असलेले दिसते. त्यास खेळण्याची आवड नसावी, असा सर्वांचा समज होतो. परंतु तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. अशा मुलांपैकी काही स्वमग्न असतात. स्वमग्नता हा रोग नव्हे. मेंदूची घडण जन्मतःच निराळी असल्यामुळे आलेली ती अवस्था होय. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

सांघिक खेळात कितीतरी गोष्टी न बोलताच ठरतात. कबड्डीत चढाई करणाऱ्यास केव्हा धरावयाचे, हे गडी नजरेनेच जाणतात. स्वमग्न मुलास ही नजरेची भाषा सहसा उमगत नाही. शिट्टीचा आवाज त्याच्या कानांस टोचतो. पुष्कळांस तोल सांभाळणे वा चेंडू झेलणेही जड जाते. मग संघ निवडताना त्यास कोणी घेत नाही, आणि खेळावयास न मिळाल्याने अंगी कौशल्यही येत नाही.

हा फेरा बहुधा घरीच तुटतो. स्वमग्न मुलास ठरलेला क्रम फार प्रिय असतो. वडील रोज सायंकाळी एकाच वाटेने त्यास फिरावयास नेऊ लागले, की ते चालणे त्याच्या दिवसाचा भाग बनते. पुढे वडिलांनीच कंटाळा केला, तर मूल चपला घालून दाराशी उभे राहते! भावंडाबरोबर चेंडू टाकण्याचा खेळही असाच जमतो, कारण भाऊ हसत नाही व घाई करीत नाही. अर्थात दिवसभर राबून आलेल्या आईबापांस हे नेहमी साधतेच असे नाही. लोकांच्या टोचणाऱ्या नजरांमुळे काही कुटुंबे बागेत जाणेच सोडतात. एके काळी तर आईच्या कोरड्या वागण्यामुळेच मूल स्वमग्न होते, असे मोठमोठे पंडित म्हणत. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली ग्रंथ लिहून हे मत खोडून काढले; त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता.

मुंबईच्या जिया राय हिला लहानपणी बोलणे उशिरा आले. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरच्यांनी तिला पोहावयास नेले. पोहण्यात संघ नाही, गलका नाही. शिवाय अंगाभोवतीचा पाण्याचा सारखा दाब अनेक स्वमग्न मुलांस सुखावतो. नौदलात असलेल्या वडिलांनीच तिला पोहण्यात तयार केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, १२ वर्षांची असताना, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली. त्यास ८ तास ४० मिनिटे लागली. २०२४ साली तिने इंग्लिश खाडीही पार केली.

मात्र स्वमग्न मुलांस पाण्याची ओढ जेवढी असते, तेवढी धोक्याची जाणीव नसते. म्हणून विहिरीच्या वा तलावाच्या काठी घरातील मोठे माणूस त्यांच्यावरून क्षणभरही दृष्टी काढीत नाही.