संकेतांचे स्थलांतर : ‘बॉम्बे ड्रीम्स’च्या रूपांतराचा विचार

एखादी नाट्यकृती एका प्रेक्षकसमूहाकडून दुसऱ्याकडे नेताना तिच्या कथेबरोबरच ज्या रंगसंकेतांवर ती कथा उभी असते, त्यांचाही विचार करावा लागतो. कथा समजावून सांगता येते. संकेत मात्र प्रेक्षकाच्या ठायी आधीपासून रुजलेले असावे लागतात. हा भेद दुर्लक्षिला गेल्यास रूपांतराची काय गत होते, हे ‘बॉम्बे ड्रीम्स’ या इंग्रजी संगीतिकेच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

ए. आर. रहमान यांचे संगीत, डॉन ब्लॅक यांची गीते, मीरा स्याल यांची संहिता आणि स्टीव्हन पिमलॉट यांचे दिग्दर्शन लाभलेली ही संगीतिका जून २००२ मध्ये लंडनच्या अपोलो व्हिक्टोरिया रंगमंदिरात सादर झाली. निर्माते होते अँड्र्यू लॉइड वेबर. मुंबईच्या झोपडपट्टीतील आकाश हा तरुण चित्रपटाचा नायक होतो, दिग्दर्शकाची कन्या प्रिया हिच्यावर अनुरक्त होतो, कीर्तीच्या धुंदीत आपल्या माणसांना विसरतो आणि अखेर त्यांच्याकडे परततो. वस्ती उद्ध्वस्त करण्याचे कारस्थान आणि स्वीटी या तृतीयपंथी पात्राचा बळी हे धागेही त्यात गुंफलेले आहेत. कथा हिंदी चित्रपटाच्या ठरीव साच्यातली आहे. पण त्या साच्याशी खेळणे हाच या कृतीचा हेतू होता.

लंडनच्या समीक्षकांनीही कथेच्या ठिसूळपणावर बोट ठेवले होते. तरीही प्रयोग जून २००४ पर्यंत, म्हणजे सुमारे दोन वर्षे चालले. याचे कारण प्रेक्षकाच्या पूर्वसंस्कारांत शोधावे लागते. २००१ च्या जनगणनेनुसार ब्रिटनमध्ये भारतीय वंशाचे सुमारे साडेदहा लाख लोक होते. पाकिस्तानी व बांगलादेशी वंशाचे लोक त्याखेरीज. १९९८ साली ‘दिल से’ हा हिंदी चित्रपट तेथील पहिल्या दहा लोकप्रिय चित्रपटांत जाऊन बसला होता. त्याच चित्रपटातील ‘छैया छैया’ हे गीत हिंदी शब्दांसह संगीतिकेत आले, तेव्हा जाणत्या प्रेक्षकाला धावत्या आगगाडीच्या टपावरील नृत्य आपोआप आठवले. ‘शकलका बेबी’ या गीताच्या वेळी रंगमंचावर उसळणारे कारंजे चित्रपटांतील असंख्य पाऊसगाण्यांची आठवण जागवीत होते. असा प्रेक्षक त्या साच्याला हसत होता आणि त्याच क्षणी त्यावर लोभही करीत होता. विडंबनाला लागणारी ही दुहेरी दृष्टी त्याने नाट्यगृहात येतानाच बरोबर आणलेली होती.

२९ एप्रिल २००४ रोजी ही संगीतिका न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगमंदिरात आली. अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक संख्येने अधिक, २००० च्या जनगणनेनुसार सुमारे १६ लाख ८० हजार होते. परंतु एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण अवघे ०.६ टक्के, ब्रिटनमधील भारतीयांच्या प्रमाणाच्या जेमतेम एकतृतीयांश होते. बहुसंख्य प्रेक्षकांना हिंदी चित्रपट परका होता. म्हणून ‘ॲनी’चे संहिताकार टॉमस मीहन यांच्या साहाय्याने संहितेची पुनर्रचना झाली, काही गीते गळाली, काही नवी आली आणि डेव्हिड याझबेक यांनी अधिक गीतरचना केली. तरीही २८४ प्रयोगांनंतर, १ जानेवारी २००५ रोजी, पडदा कायमचा पडला. गुंतविलेले सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर वसूल झाले नाहीत. टोनी पुरस्कारांसाठी मिळालेली तिन्ही नामांकने नृत्यरचना, वेशभूषा आणि वाद्यवृंदरचना यांसाठी होती. संहिता आणि मूळ संगीत यांना एकही नव्हते. अलंकार वाखाणले गेले, देह मात्र अनोळखीच राहिला.

या अपयशात अवाढव्य खर्चाचा आणि प्रतिकूल समीक्षेचा वाटा होताच. परंतु मूळ अडचण रूपांतराच्या दिशेत होती. कथा अधिक सुबोध करण्यात आली. संकेत मात्र होते तेच राहिले. ज्याने मूळ साचा पाहिलेला नाही, त्याला त्याचे विडंबन हे विडंबन म्हणून कळत नाही. समोर उरते ती केवळ एक भाबडी कथा. कथा जितकी सुबोध केली जाते, तितका तिचा भाबडेपणा उघडा पडतो. गणपतीच्या मिरवणुकीचा प्रसंगही असाच आहे. मुंबईकराला त्यात उत्सवाची ऊब आणि निरोपाची हुरहूर एकत्र जाणवते. इतरांना दिसतो तो रंगीत देखावा.

याच्या नेमकी उलट वाट मराठी रंगभूमीने आरंभीच चोखाळली होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. किर्लोस्करांनी कालिदासाची कथा कायम ठेवली. पण ती साकी, दिंडी, कामदा अशा, कीर्तन-आख्यानांतून श्रोत्यांच्या कानांत मुरलेल्या वृत्तांतून गाऊन घेतली. कथा शतकानुशतके दूरची, पण ती सांगण्याची रीत घरची. त्यामुळे संस्कृत न जाणणारा प्रेक्षकही शकुंतलेच्या पाठवणीने हेलावू शकला.

या दोन उदाहरणांमध्ये काळाचे व परिस्थितीचे मोठे अंतर आहे, हे खरे. तथापि भारतीय भाषांतील रूपांतरांचा अभ्यास करताना ‘कथेत काय बदलले?’ एवढाच प्रश्न पुरेसा ठरत नाही. नव्या प्रेक्षकाच्या ठायी आधीच असलेल्या कोणत्या संकेताला रूपांतरकाराने साद घातली, हेही पाहावे लागते. ‘बॉम्बे ड्रीम्स’च्या न्यूयॉर्क-रूपांतरात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, आणि तिच्या अपयशाचे मर्म तेथेच आहे.