कीटकभक्षी झाडं घरात वाढवताना : आधी पाणी, मग झाड

आजचा विषय घरात, खिडकीत किंवा गॅलरीत वाढवता येणाऱ्या कीटकभक्षी वनस्पतींचा आहे. बहुतेक लोकांचा पहिला प्रश्न असतो, ‘याला खायला काय घालायचं?’ माझ्या मते तो शेवटून दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ‘याला पाणी कुठलं घालायचं?’ घरी आणलेली यातली बरीच झाडं उपासमारीनं मरत नाहीत, ती आपल्या पाहुणचारानं मरतात. चांगली काळी माती, मूठभर गांडूळखत आणि रोज नळाचं पाणी एवढ्यात काम होतं.

असं का होतं, हे समजायला लांब जायला नको. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यात लोक फुलं बघायला जातात. तिथे पायाशी वाकून पाहिलं तर दवबिंदू दिसते, म्हणजे ड्रॉसेरा. सीतेची आसवं म्हणून जी निळी-जांभळी फुलं प्रसिद्ध आहेत, तीसुद्धा युट्रिक्युलॅरिया या कीटकभक्षी गटातलीच. फूल वर दिसतं आणि सापळे खाली ओल्या मातीत असतात, अगदी बारीक फुग्यांसारखे. आता ही झाडं तिथेच का? कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर धो धो पाऊस. मातीतलं नत्र, स्फुरद जे काही असेल ते धुऊन जातं. मुळांना मिळत नाही ते ही झाडं पानांनी मिळवतात. ऊर्जा मात्र यांना इतर झाडांसारखी उन्हातूनच मिळते. किडा हे त्यांचं जेवण नव्हे, खत आहे.

चार्ल्स डार्विननं १८७५ साली या वनस्पतींवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यानं दवबिंदूच्या पानांवर मांस, दूध, अंड्याचा पांढरा बलक, साखरेचं पाणी, चहा असं काय काय ठेवून पाहिलं. नत्र असलेल्या पदार्थांना पानावरचे केस वाकून प्रतिसाद देत, साखरेच्या पाण्याला नाही. झाडाला काय हवंय, ते त्या प्रयोगातच स्पष्ट झालं होतं.

हजारो वर्षं खनिज नसलेल्या मातीची सवय झालेल्या या मुळांना आपण नळाचं पाणी घालतो. थोडा हिशेब करू. पाण्याचा टीडीएस २०० असेल, तर एका लिटरमध्ये साधारण २०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. रोज पाव लिटर घातलं, तर महिन्याला दीड ग्रॅम क्षार कुंडीत जातात. पाणी उडून जातं, क्षार तिथेच साठतात. मुळं आधी गुपचूप खराब होतात, मग पानं काळी पडतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. म्हणून आणखी घालतो! बोअरवेलचं पाणी तर नकोच.

मग वापरायचं काय? पावसाचं पाणी सगळ्यांत उत्तम. पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यात, नंतरचं झाकणाच्या स्वच्छ पिंपात भरून ठेवा. ते संपलं की डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी. पण घरच्या आरओमध्ये कधी कधी चवीसाठी थोडे क्षार ठेवण्याची सोय असते, तेव्हा टीडीएस मीटरनं एकदा मोजून घ्या. मीटर महाग नसतो. आकडा ५०च्या खाली असेल तर निश्चिंत राहा, शंभराच्या वर गेला तर वापरू नका.

मातीचंही तेच. स्फॅग्नम पीट आणि परलाइट समसमान, बस. कोकोपीट स्वस्त असतं, पण त्यात मीठ असू शकतं. वापरायचंच असेल तर बऱ्याच पाण्यांतून धुऊन काढा आणि शेवटच्या पाण्याचा टीडीएस बघा. कुंडी प्लॅस्टिकची घ्या.

आता झाड. माझं मत विचाराल तर पहिलं झाड ड्रॉसेरा कॅपेन्सिस. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातलं. याला थंडीची विश्रांती लागत नाही, फूल स्वतःच परागित होऊन भरपूर बी देतं आणि किडा चिकटला की लांबट पान हळूहळू त्याच्याभोवती गुंडाळतं. कुंडी बशीत ठेवा, बशीत बोटाच्या पेराएवढं पाणी कायम राहू द्या. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तर छान. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हातून मात्र बाजूला काढा. खिडकीत ऊन येतच नसेल तर एलईडी ट्यूब जवळ, वीत-दीड वीत अंतरावर, रोज बारा-चौदा तास. पानांवर चिकट थेंब चमकतायत म्हणजे झाड खूश आहे. थेंब गेले की उजेड आणि पाणी तपासा.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत राहणाऱ्यांना दुसरा पर्याय म्हणजे नेपेन्थिस, आपलं घटपर्णी. त्यातही ‘व्हेंट्राटा’सारखा संकर घ्या, तो चिवट असतो. याची कुंडी गॅलरीत टांगा, पण बशीत पाणी नको. मुळांना ओलावा आणि हवा दोन्ही लागतं. पार्सलनं आलेल्या झाडाचे घट बहुतेक वेळा सुकतात. घाबरू नका, नवीन पानांकडे बघा. नुसती पानं येतायत आणि घट येत नाहीत, तर उजेड किंवा दमटपणा कमी पडतोय. आणि काचेच्या बंद बरणीत कुठलंही झाड घालून उन्हात ठेवू नका, त्याचा कुकर होतो.

विकत घेताना एक विचारा : हे रोप बियांपासून किंवा टिश्यू कल्चरनं तयार केलेलं आहे का? भारतातलं एकमेव रानटी घटपर्णी, नेपेन्थिस खासियाना, मेघालयात आहे आणि रोपं उपटून नेल्यानं ते संकटात आलं. आणि कासवरून किंवा कोकणातल्या सड्यावरून दवबिंदू उपटून आणण्याचा विचार कुणाच्या मनात असेल, तर ऐका. तिथली ड्रॉसेरा इंडिका एका हंगामाची आहे. पावसात उगवते, बी टाकते, ओल संपली की संपते. तुमच्या कुंडीत ती तशीही मरणारच, पण पठारावरचं पुढच्या वर्षीचं बी मात्र तुम्ही घेऊन गेलेले असता.

खाऊ घालण्याबद्दल थोडक्यात. खिडकी उघडी असेल तर झाड आपलं आपण बघून घेतं. नसेल तर महिन्यातून एखादी मेलेली मुंगी किंवा चिलट पुरतं. पनीर, चिकन, खिमा यातलं काही नको, ते सडतं. आणि नाही, डास कमी होणार नाहीत. जाळी लावा.

श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय : ‘मुलाला व्हीनस फ्लायट्रॅपच हवंय, काय करू?’ साहजिक आहे, ते मिटताना दिसतं. रानात ते जगात फक्त अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनामध्ये सापडतं. आतल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला, तरच सापळा मिटतो. पावसाच्या एका थेंबानं फसायला नको म्हणून. पण प्रत्येक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो, तेव्हा मुलाला बोट घालायला देऊ नका. खरी अडचण थंडीची आहे. याला वर्षातून तीन महिने चांगली थंडी लागते आणि ती मुंबईच्या खिडकीत मिळत नाही. मिळाली नाही तर झाड दोन-तीन वर्षांत थकून जातं. उपाय आहे : डिसेंबरात ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये मुळं गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, दर पंधरा दिवसांनी बुरशी बघा आणि फेब्रुवारीअखेर बाहेर काढा. पिशवीवर नाव मात्र लिहा, नाहीतर कुणीतरी कोथिंबीर समजून निवडायला घेईल.