‘छान गातोस’च्या पुढचं काही

मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर ज्या निमाडात मोडतं, त्या निमाडात कलगी-तुऱ्याचे आखाडे असतात. मातीतले नव्हेत, गाण्याचे. दोन पक्ष समोरासमोर बसतात, साथीला डफासारखा चंग असतो आणि प्रत्येक पक्षाचा एक उस्ताद असतो. कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने ते गाण्यातूनच सोडवायचं, आणि हे रात्र रात्र चालतं. तापीच्या अलीकडच्या मराठी मुलखातले शाहीरही भेदिक कवनांमधून हेच करत आले. अशा ठिकाणी नव्या गायकाला ‘माझं कसं झालं?’ म्हणून कुणाला विचारत हिंडावं लागत नाही. कवन ढिलं असेल, तर समोरचा त्यातली फट पकडूनच उत्तर रचतो. ताल सुटला, तर साथीदाराचा चेहरा सांगतो. श्रोते कंटाळले, तर उठून जातात. उरलंसुरलं उस्ताद ऐकवतो.

घरात बसून गाणं लिहिणाऱ्या, त्याला चाल लावणाऱ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून चारचौघांना पाठवणाऱ्या आजच्या मुलामुलींना हे सुख नाही. त्यांना ऐकणारे पुष्कळ असतात. पण मावशी म्हणते, ‘छान गातेस गं.’ मित्र अंगठा उंचावलेलं चित्र धाडतो. एखादा काका ‘क्लासिकल शीक आधी’ म्हणून मोकळा होतो. यातलं काहीच खोटं नसतं, पण त्याच्या आधाराने उद्या सकाळी काय बदलायचं, हे मात्र कळत नाही.

बुऱ्हाणपूरला गाणं नवं नाही. इथे १५०६ मध्ये निधन पावलेले सूफी संत शेख बहाउद्दीन ‘बाजन’ हिंदवीत जिकऱ्या, म्हणजे भक्तिगीतं, रचत, आणि कव्वालांनी त्या वाद्यांच्या साथीने गाव्यात म्हणून रचत. म्हणजे आजच्या भाषेत गीतकारच. फक्त त्यांचे शब्द कागदावर पडून न राहता लगेच दुसऱ्याच्या गळ्यात जात. पुढे मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाने इथे कवी-गवयांचा दरबार भरवला. त्याचा चरित्रग्रंथ ‘मआसिर-इ-रहीमी’ सतराव्या शतकाच्या आरंभी इथेच लिहिला गेला. पण शिकाऊ गायकाला कुणी काय सांगावं आणि त्याने त्याचं काय करावं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण याच जिल्ह्यातलं आहे. निदान १५ ऑगस्ट २००३ पर्यंत तरी होतं. त्या दिवशी बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी ते खंडव्याच्या पूर्व निमाड जिल्ह्यात होतं, आणि खंडवा म्हणजे किशोरकुमारचं गाव.

आभासकुमार गांगुली हा वकिलाचा मुलगा ४ ऑगस्ट १९२९ ला खंडव्यात जन्मला. गाणं तो कुणापाशी रीतसर शिकला नाही. त्याचा गुरू म्हणजे कुंदनलाल सैगलच्या तबकड्या. थोरला भाऊ अशोककुमार मुंबईत नट म्हणून गाजत होता. त्याच्या मागोमाग हाही रेल्वेने बुऱ्हाणपूर, भुसावळ मागे टाकत मुंबईला गेला. १९४८ च्या ‘जिद्दी’त खेमचंद प्रकाश यांनी त्याला गायला दिलं. ते गाणं आज ऐकलं, तर गाणारा किशोर आहे हे सांगावं लागतं. ती सैगलची नक्कल आहे, आणि चांगली नक्कल आहे. लोकांना ती आवडतही होती. इथेच खरा धोका असतो. जी नक्कल हुबेहूब साधली तिला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत सहज दाद मिळते, कारण ऐकणाऱ्याला त्यात आपलं ओळखीचं काहीतरी सापडतं. दाद त्या ओळखीला असते. गाणाऱ्याला वाटतं, आपल्याला आहे.

१९५० च्या सुमारास, ‘मशाल’ चित्रपटाच्या दिवसांत, संगीतकार सचिनदेव बर्मन अशोककुमारच्या घरी गेले होते. तिथे त्यांनी धाकट्या भावाला सैगलसारखं गाताना ऐकलं. त्यांनी कौतुक केलं, पण त्याला जोडून सांगितलं की सैगलची नक्कल सोड, स्वतःची शैली घडव. ही हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे, पण तिच्यातली एक गोष्ट सहसा सुटते. बर्मनदांनी त्याला तुझा आवाज वाईट आहे असं म्हटलं नाही, की आधी दहा वर्षं शास्त्रीय शीक असंही म्हटलं नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट काढून टाकायला सांगितली, आणि ती काढणं गाणाऱ्याच्या हातात होतं. सल्ला देऊन ते गप्पही बसले नाहीत. पुढची कित्येक वर्षं त्याला गाणी देत राहिले.

रिकाम्या झालेल्या जागी काय घालायचं, हे किशोरने स्वतः शोधलं. जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन या परदेशी गायकांच्या तबकड्या ऐकून त्याने गळा उलटापालटा करण्याची ती योडलिंगची लकब उचलली. तीही उचलच होती. पण हिंदी गाण्यात ती कुणाच्या ओळखीची नव्हती, म्हणून ती त्याची झाली.

त्याच्या वाट्याला दुसऱ्या जातीची टीकाही आली. १९५४ च्या ‘नौकरी’त तो स्वतः नायक होता, तरी संगीतकार सलील चौधरी आधी त्याला गायला द्यायला तयार नव्हते. कारण, तो गाणं शिकलेला नाही. अखेर ऐकल्यावर ते राजी झाले आणि गाणं त्यानेच गायलं. पुढे १९६२ च्या ‘हाफ टिकट’मध्ये एकाच गाण्यातला बाईचा आणि पुरुषाचा असे दोन्ही आवाज सलीलदांनी त्याच्याकडून गाऊन घेतले.

आज खंडव्यात किशोरकुमारची समाधी आहे. दर ४ ऑगस्टला तिथे गाणारे जमतात, त्याच्या आवडीच्या दूध-जिलेबीचा प्रसाद ठेवतात आणि दिवसभर त्याची गाणी म्हणतात. प्रेमापोटी चालतं ते, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तिथे टाळ्या सर्वांत जास्त कुणाला पडत असतील, याचा अंदाज करता येतो: जो डोळे मिटून ऐकल्यावर किशोर वाटतो त्याला. बर्मनदांचा सल्ला नेमका किशोरच्या समाधीपाशी कुणाला आठवत नसावा.

किशोरपेक्षा दोन महिन्यांनीही लहान नसलेली दुसरी एक मुलगी याच सुमारास मुंबईत धडपडत होती. लता मंगेशकरचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. तिचं आजोळ धुळे जिल्ह्यातलं थाळनेर. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूरला येण्याआधी तिथेच होती, आणि दोन्ही गावं तापीकाठची. तिथली आजीची लोकगीतं लताच्या वडिलांनी, मास्टर दीनानाथांनीही उचलली होती. किशोरवर सैगलचा पगडा, तसा सुरुवातीच्या लतावर नूरजहाँचा.

लताला त्या काळात दोन शेरे ऐकावे लागले. संगीतकार गुलाम हैदर तिला ‘शहीद’ चित्रपटासाठी निर्माते शशधर मुखर्जींकडे घेऊन गेले. मुखर्जींनी आवाज फार बारीक आहे म्हणून नकार दिला. दुसरा शेरा १९४७ मधला. संगीतकार अनिल विश्वास यांच्याबरोबर लोकलने जाताना दिलीपकुमार भेटले. मुलगी मराठी आहे हे कळल्यावर ते म्हणाले की मराठी माणसांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. हा शेरा अधिक लागट होता, आणि लताला तो लागलाही. पण तिने काय केलं? बारीक आवाजाच्या शेऱ्यावर काहीच केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं. गळा बदलून मिळत नाही. उर्दूच्या शेऱ्यावर तिने एका मौलवींकडे शिकवणी लावली. पुढे ‘महल’च्या गाण्यातला एक उर्दू शब्द तिने कसा उच्चारला आहे, हे जद्दनबाईंनी, म्हणजे नर्गिसच्या आईने, मुद्दाम जवळ बोलावून वाखाणलं. जद्दनबाई स्वतः जुन्या जमान्यातल्या मुरलेल्या गायिका. चित्रपट १९४९ चा. लोकलमधल्या त्या बोलण्याला तेव्हा फार तर दोन वर्षं झाली होती.

नवख्याने या दोन शेऱ्यांमधला फरक ओळखायला शिकावं. बोलणारा गोड आहे की तिखट, मोठा आहे की लहान, याने काही ठरत नाही. मुखर्जी अनुभवी निर्माते होते आणि साफ चुकले. दिलीपकुमार गायक नव्हते, थट्टेत बोलले आणि कामाचं बोलले. शेरा ऐकल्यावर उद्याच्या रियाजात काही वेगळं करता येतं का, एवढं पाहावं. ‘आवाजात दम नाही’ यातून काही हाती लागत नाही. ‘अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत श्वास संपतो आणि शेवटचा सूर उतरतो’ यातून लागतं. श्वास कुठे घ्यायचा हे ठरवता येतं, पट्टी अर्ध्या सुराने खाली आणता येते, ओळ छोटी करता येते.

असं बोलणारा माणूस मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण पुष्कळदा प्रश्नच असा विचारलेला असतो की उत्तरात ‘मस्त’ याखेरीज काही येऊच नये. ‘कसं वाटलं?’ याला कोण काय सांगणार? त्याऐवजी ‘शब्द कुठे कळले नाहीत?’, ‘मुखडा दुसऱ्यांदा आला तेव्हा कंटाळा आला का?’, ‘तालात मी कुठे घाई केली?’ असं विचारलं, तर गाण्यातलं काही न कळणारी मावशीसुद्धा उपयोगाचं सांगते. सुराबद्दल मात्र तिला विचारू नये. त्यासाठी हार्मोनियमवाला बरा, आणि तबलजी त्याहून बरा. लय कुठे पळाली हे तो तोंडाने सांगत नाही, हाताने दाखवतो. बुऱ्हाणपुरासारख्या गावात भजनी मंडळात, गणपतीच्या मेळ्यात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात अशी माणसं असतातच. त्यांच्या शेजारी बसून दोन गाणी म्हणणं हीच अर्धी शिकवणी.

पहिला परीक्षक मात्र स्वतःच व्हावं लागतं, आणि तिथे शरीर एक गंमत करतं. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडं खर्जातली कंपनं जास्त पोचवतात. म्हणून मनातला आपला आवाज भरदार असतो आणि रेकॉर्डिंगमधला पातळ, परका वाटतो. बहुतेकांचा पहिला उत्साह इथेच मावळतो. खरं तर जगाला ऐकू येतो तो हाच दुसरा आवाज, आणि काही आठवडे ऐकत राहिलं की त्याची सवय होते. रेकॉर्डिंग करताना प्रतिध्वनी बंद ठेवावा. न्हाणीघरात सगळेच गवई असतात ते भिंतींच्या मेहरबानीने, आणि कराओकेच्या यंत्रावरचं ‘इको’चं बटण तेच काम करतं. नुसत्या तानपुऱ्यावर, कोरडं रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकायला अप्रिय असतं, पण प्रामाणिक असतं. शिवाय लगेच ऐकू नये. गाऊन उठल्याबरोबर कानात आपल्याला जे म्हणायचं होतं तेच घुमत असतं; दोन-तीन दिवसांनी जे म्हटलं गेलं ते ऐकू येतं.

स्वतःच लिहून, स्वतःच चाल लावून गाणाऱ्यांचा घोळ आणखी वेगळा. ऐकणारा म्हणतो ‘मजा नाही आली’, तेव्हा दोष शब्दांचा, चालीचा की गळ्याचा, हे कळायला मार्ग नसतो. किशोरकुमारने ‘दूर गगन की छाँव में’ (१९६४) या आपल्याच चित्रपटाला संगीत दिलं, एक गाणं लिहिलं आणि गायलंही. पण तोवर त्याच्या गाठीला दीड दशकाचा अनुभव होता. नवख्याने एक साधी परीक्षा करावी: आपलं गाणं दुसऱ्या कुणाला तरी गायला द्यावं, आणि कसं गायचं ते मुळीच समजावू नये. तो ज्या अक्षरावर अडखळेल तिथे शब्द चालीत बसलेला नाही. तो जिथे आपसूक चाल बदलेल, तिथली मूळ चाल बहुधा ओढून आणलेली असते. आणि दोन दिवसांनी त्याला मुखडा आठवला नाही, तर पुन्हा लिहायला बसावं.

आपलं नाव बाजूला ठेवून अभिप्राय मिळवण्याची युक्तीही जुनीच आहे. लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने मराठी चित्रपटांना चाली दिल्या: ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. ‘साधी माणसं’ १९६५ चा. त्याला राज्य पुरस्कारांत उत्कृष्ट संगीताचं पारितोषिक जाहीर झालं, तेव्हा आनंदघन कोण हे सभागृहात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नाव पुकारलं तरी कुणी उठेना. अखेर संयोजकांनीच सांगितलं की आनंदघन इथेच बसल्या आहेत. लता मंगेशकरची चाल म्हटल्यावर कुणी खरं बोललं नसतं. इतकं मोठं नाव नवख्याला टाळायचं नसतं, पण घरच्यांचं प्रेम टाळायचं असतंच. आपलं गाणं ‘एका मित्राचं आहे, ऐकून सांग’ म्हणून ऐकवलं, तर तीच मावशी पुष्कळ वेगळं बोलते.