हातचा राखून ठेवलेला विश्वास
लेखमाला : क्लाउडचा कारभार – भाग ६

२०२४च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीच्या सहा लाखांहून अधिक सभासदांना आपलं खातंच उघडता येईना. विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत काम करणाऱ्यांचा हा निधी, एकूण गंगाजळी सुमारे १२५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. पैसे सुरक्षित होते, पण त्यांचा हिशेब दाखवणारी यंत्रणा नाहीशी झाली होती. कोणी हल्ला केला नव्हता, कुठे आग लागली नव्हती. गूगल क्लाउडवर ही यंत्रणा उभारताना गूगलच्याच माणसांकडून एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. त्याचा अर्थ संगणकाने ‘मुदत एक वर्ष’ असा लावला. वर्ष भरताच सारं आपोआप पुसलं गेलं. पुसण्याची मागणी ग्राहकाची नव्हती, म्हणून त्याला आगाऊ सूचनाही गेली नाही.

यंत्रणेची जोडप्रत दुसऱ्या ठिकाणी होती. पण दोन्ही एकाच वर्गणीखाली असल्याने दोन्ही एकदमच गेल्या. तारलं ते वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपनी. त्यातला एक तर दुसऱ्याच पुरवठादाराकडे होता. आठवडाभराने खाती पुन्हा दिसू लागली.

मागच्या भागात आपण क्लाउडचं बिल पाहिलं. आजचा प्रश्न पैशांहून अवघड आहे : ज्याचा सर्व्हर आपण कधी पाहणार नाही, त्याच्यावर धंदा सोपवायचा तो कशाच्या भरवशावर?

पहिलं उत्तर ‘कराराच्या’ असं येतं. करारात सेवा किती टक्के वेळ चालू राहील याची हमी असते. ९९.९ टक्के वाचायला भारदस्त वाटतं, पण तीस दिवसांच्या महिन्यात त्यातून ४३ मिनिटांची बंदी बसते. ९९.९९ टक्क्यांत जेमतेम सव्वाचार मिनिटं. हमी मोडली तर काय, हे कलम त्याहून महत्त्वाचं. भरपाई बहुधा पुढच्या बिलातल्या सवलतीच्या रूपात मिळते आणि ती त्या सेवेच्या महिन्याच्या बिलापलीकडे सहसा जात नाही. दिवाळीच्या आठवड्यात दुकान बंद पडून बुडालेली विक्री त्यात धरत नाहीत. बँकेच्या लॉकरचा नियम शेजारी ठेवून पाहा. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट आहे. क्लाउडच्या ग्राहकाला असं कवच नाही.

दुसरी गोष्ट जबाबदारीच्या वाटणीची. इमारत, वीज, यंत्रं, त्यांच्यावरची मूळ प्रणाली हे पुरवठादाराकडे. कोणाला कोणती दारं उघडी ठेवायची, पासवर्ड कोणाच्या हाती द्यायचे, हे ग्राहकाकडे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅपिटल वन’ बँकेची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडवरून चोरीला गेली. अमेरिका आणि कॅनडातले मिळून सुमारे साडेदहा कोटी लोक त्यात सापडले. वाट मिळाली होती ती चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या फायरवॉलमधून. पुढच्या वर्षी अमेरिकी नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला, तो बँकेला. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश काढले आणि ते १ ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यांचं सार हेच : काम बाहेर देता येतं, उत्तरदायित्व नाही. पुरवठादाराची तपासणी करण्याचा हक्क आणि बाहेर पडण्याची योजना, दोन्ही बँकेकडे हवंच.

तपासणीचा हक्क मोठ्या बँकेला झेपतो. भिवंडीच्या गोदामवाल्याला किंवा नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला डेटा सेंटरच्या दारात कोण उभं करणार? त्याच्यासाठी माहितीच्या सुरक्षेबद्दल त्रयस्थ लेखापरीक्षकांची प्रमाणपत्रं आणि अहवाल असतात : आयएसओ २७००१, सॉक २. पण प्रमाणपत्राचं बोधचिन्ह पाहून थांबू नये. अहवाल कोणत्या सेवेला आणि कोणत्या काळाला लागू आहे, अपवाद म्हणून काय नोंदवलंय, हे वाचावं. आपण घेतलेली सेवाच त्यात नसेल, तर तो कागद आपल्या कामाचा नाही.

चूक घडल्यावर पुरवठादार कसा वागतो, हीदेखील परीक्षाच. युनिसुपरच्या वेळी दोन्हीकडच्या मुख्याधिकाऱ्यांनी संयुक्त निवेदन काढलं आणि गूगलने नंतर नेमकं काय चुकलं ते जाहीर केलं. नवा पुरवठादार निवडताना त्याच्या जुन्या बिघाडांचे खुलासे मागवून वाचावेत. कारण, उपाय आणि वेळ स्पष्ट सांगणारा ‘तांत्रिक अडचण’ एवढंच म्हणणाऱ्यापेक्षा बरा.

तरीही शेवटी विश्वासाचं बळ ग्राहकाच्याच हाती असतं. ज्याला सोडून जाता येतं, तोच निर्धास्तपणे राहू शकतो. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या : करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, तो बाहेर नेण्याचा खर्च किती, आणि खातं बंद करण्याआधी सूचना कोणाला जाईल. शिवाय एक बॅकअप वेगळ्या खात्यात, जमल्यास वेगळ्या कंपनीकडे ठेवा आणि तिमाहीतून एकदा त्यावरून यंत्रणा खरोखर उभी करून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबणं म्हणजे पुन्हा आंधळा विश्वासच.

(पुढील भागात : डेटा ठेवायचा कोणत्या देशात?)