किल्लारीच्या पहाटे मला कोणी उचललं होतं?

आजचा भाग हेडफोन लावून ऐका आणि संपला की घरातल्या मोठ्या माणसांशी थोडं बोला. का, ते शेवटी कळेलच.

१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली, ४.५ तीव्रतेचा धक्का. कळमनुरी, वसमत, औंढा भागातल्या लोकांना हे नवीन नाही, तरी सगळे अंगणात धावले. चहा तसाच राहिला आणि मग विषय निघालाच, किल्लारीचा.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून माणसं गाढ झोपलेली. लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावंच्या गावं झोपेतच गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ते सगळं अंगावर आलं.

आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता; हिंगोली जिल्हा १९९९ ला झाला. आमच्याकडे भांडी वाजली, माळवदाची माती गळली. मी आठ वर्षांचा होतो. आजोबांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात नेलं. त्यांच्या धोतराचा वास, वर पांढरं चांदणं, सगळं काल घडल्यासारखं आठवतं. ही गोष्ट मी कॉलेजात सांगितली, बायकोला सांगितली, या पॉडकास्टवरही सांगितली.

त्या सकाळी पुन्हा सांगायला लागलो, तर आई म्हणाली, "आरं, आजोबा कुठं होते त्या रात्री? नांदेडला काकाकडं गेलते. दुपारच्या एसटीनं आले. तुला उचललं ते आत्यानं."

मी वाद घातला. हरलो. आजोबा त्या रात्री घरी नव्हते, हे काकांनीही फोनवर सांगितलं.

मग वाचायला लागलो. अशा आठवणींना 'फ्लॅशबल्ब मेमरी' म्हणतात. रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हे नाव दिलं. मोठा धक्का बसला की मेंदू जणू फ्लॅश मारून फोटो काढतो, अशी ती कल्पना.

पण फोटो तरी खरा असतो का? २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कळली तेव्हा कुठे होतात, कोणी सांगितली? अडीच-तीन वर्षांनी त्यांनी आणि निकोल हार्श यांनी तेच पुन्हा विचारलं. ४४ पैकी ११ जणांची उत्तरं आधीच्या लिखाणाशी मुख्य मुद्द्यांवर अजिबात जुळली नाहीत. तरी आपलीच आठवण खरी, असं अनेकांना ठामपणे वाटत होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या एका अभ्यासातही तेच निघालं. अशा आठवणी साध्या आठवणींइतक्याच बदलतात, फक्त त्यांच्यावरचा आपला विश्वास कमी होत नाही.

माझं काय झालं असेल? पुढचे कित्येक दिवस आम्ही अंगणातच झोपलो, आणि तेव्हा मी आजोबांच्या कुशीत असायचो. धोतराचा वास खरा, चांदणंही खरं. फक्त मेंदूनं दोन रात्री एकत्र शिवल्या, गोधडी शिवतात तशा. आणि दर वेळी सांगताना एकेक टाका पक्का होत गेला.

यात खोटं कोणीच बोललं नव्हतं. पण तीस वर्षं मी श्रेय आजोबांना दिलं, आणि आत्या समोर बसून ऐकत राहिली. मी तिला फोन केला. म्हटलं, कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तू इतकं चांगलं सांगायचास आजोबांबद्दल. कशाला मोडू?"

म्हणून एक काम करा. घरातल्या मोठ्यांना विचारा, "किल्लारीच्या पहाटे तुम्ही कुठे होता?" आणि फोनवर रेकॉर्ड करा. प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको, नाहीतर सगळे एकाचीच गोष्ट सांगतील. पुढे कधी असं काही घडलं, तर त्याच दिवशी स्वतःचंही दोन मिनिटं बोलून ठेवा.

हा भाग आत्यासाठी. पुढच्या भागात भेटू.