घोडा घ्यायचा? मग तीनदा पाहा!

परवा मराठीच्या तासाला मी फळ्यावर ‘वरातीमागून घोडे’ ही म्हण लिहिली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, घोडा विकत घेताना किती वेळा बघतात हो?” सगळा वर्ग खो खो हसला. मला मात्र तो प्रश्न फार आवडला.

बालमित्रांनो, नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा नावाचं गाव आहे. दरवर्षी दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही. कानांची टोकं एकमेकांकडे वळलेला ऐटबाज मारवाडी घोडा दिसला, की वाटतं, बस्स, हाच घ्यायचा! पण थांबा. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. घाईत चुकीचा घेतला, तर पैसे जातातच. शिवाय त्या मुक्या जिवाची फरफट होते. आज या दावणीला, तर उद्या त्या!

म्हणून घोडा निदान तीनदा पाहावा आणि दर वेळी वेगळ्या गोष्टीसाठी पाहावा.

पहिल्या भेटीत ओळख करून घ्यायची. माणूस जवळ गेला की तो कान मागे पाडतो का? पाय उचलू देतो का? (त्याच्या अगदी मागे मात्र कधी उभं राहू नका हं!) मग दात बघायचे. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडू लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे दात पक्के येतात. त्यानंतर दातांच्या झिजेवरून वयाचा अंदाज बांधतात. स्वार व्हायचं, तर आधी मालकाला होऊ द्यावं.

दुसरी भेट सकाळी, घोडा फिरवून आणण्याआधी. का बरं? कारण काही घोड्यांचं लंगडणं अंग गरम झालं की कमी दिसतं. कडक जमिनीवर त्याला दुडक्या चालीनं न्यायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. ही खूण लक्षात ठेवा.

तिसऱ्या भेटीला पशुवैद्य सोबत हवेत, आणि तेही आपण नेलेले. ते डोळे, खूर, सांधे तपासतात. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 पडते. घोडा पळवून आणल्यावर ती आणि श्वास किती वेळात खाली येतात, हेही ते पाहतात.

बाजारात कुणी आधी अंगावरचे भोवरे बघतात, गळ्यावर ‘देवमण’ शोधतात. ज्याची त्याची श्रद्धा! पण भोवऱ्यावरून पाय दुखतो की नाही, हे काही कळत नाही.

बाजारात फार दिवस मिळत नसतील, तर तोच घोडा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहावा.

पालकहो, मूल हट्ट धरील. पण दाणा-वैरण, खरारा आणि नालबंद हे पुढे वर्षानुवर्षं लागणार, याचा हिशेब आधीच करा.

तर मुलांनो, ‘तीन’ हा आकडा नुसता पाठ करू नका. शंका उरली, तर चौथ्यांदा जा. आधी पैसे मोजायचे आणि मग पशुवैद्यांना बोलवायचं, याला काय म्हणतात? फळ्यावर लिहिलंच आहे की!